मालकांची फाउंड्री की नियमांची कंपनी?

शिरोलीतल्या मालकांच्या फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, राहायचं की कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतली मोठी कंपनी धरायची, हा पेच कोल्हापुरातल्या बऱ्याच तरुण इंजिनिअरांपुढे आहे. पगार, बस, कँटीन यांची चौकशी तुम्ही केलीच असेल. मी दोन्हीकडे काम केलंय. संस्थापकाचा स्वभाव पुढे कारभारात कसा उतरतो, तेवढंच सांगतो.

मालकांकडे माणुसकी थेट मिळते. आमचे थोरले मालक मोल्डिंगवर, म्हणजे वाळूचे साचे घडवायच्या कामावर, राबून वर आलेले. रोज सकाळी वाळू मुठीत दाबून ओल बघायचे. कुणाच्या घरी दवाखाना निघाला की अर्जाआधी पैसे पोचायचे. अशा माणसांची छातीही मोठी असते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये वसवलेल्या किर्लोस्करवाडीत तुरुंगातून सुटलेल्यांना राखणीला ठेवलं होतं. एचआर पॉलिसी असं धाडस करणार नाही.

मला तिथून उठवलं ते एका वाक्याने: ‘मालकांना विचारून सांगतो.’ कास्टिंगला, म्हणजे ओतलेल्या भागाला, ब्लोहोल (वायूमुळे पडलेली भोकं) दिसले, इन्स्पेक्टरने नापासाचा लाल रंग मारला, तरी लॉट अडवायचा की पाठवायचा हे मालकच ठरवणार. ते पुण्याला गेले की लॉट दारात, गाडी उभी, ड्रायव्हरचा तगादा, आणि सुपरवायझर फोन लावत बसलेला. खराब माल थोरल्या मालकांनी कधी बाहेर जाऊ दिला नाही, हे खरं. पण ती शिस्त त्यांच्या नजरेत होती, बाकीच्यांच्या हातात उतरलीच नाही. धाकटे मालक आल्यावर ते उघडं पडलं. त्यांचं लक्ष वाळूपेक्षा डिस्पॅचच्या आकड्यावर. वर्षानुवर्षं विचारायचीच सवय लागलेली माणसं आता त्यांना विचारू लागली आणि लाल रंगाचा माल गाडीत चढू लागला.

कंपनीत तसा माल रिजेक्शनच्या पिंजऱ्यात जातो. किल्ली क्वालिटीवाल्यांकडे, त्यांच्या सहीशिवाय प्लांट हेडलाही तो काढता येत नाही. कोरडेपणा आहे, नाही कशाला म्हणू? ॲडव्हान्ससाठी सह्या गोळा करत हिंडावं लागतं, आणि संस्थापक भेटतात ते रिसेप्शनवरच्या फोटोत. पण त्यांची चाड नियमात उतरलेली असते. जमशेटजी टाटा १९०४ मध्ये गेले, त्यांची पोलाद कंपनी स्थापन झाली १९०७ मध्ये. तरी कामगारांच्या गावात रुंद रस्ते आणि सावलीची झाडं असावीत, हे त्यांनी १९०२ मध्येच मुलाला पत्रात लिहून ठेवलं होतं. पुढे त्या कंपनीत १९१२ मध्ये आठ तासांची पाळी आली, १९२० मध्ये पगारी रजा. वारसांनी ती चाड कागदावर आणली म्हणून ती टिकली.

पंचविशीत धातू हाताने शिकायचा असेल, तर मालकांकडे काही वर्षं काढण्यात तोटा नाही. कंपनीत तेवढं शिकायला मिळेलच असं नाही. संसार मांडून टिकायचं असेल, तर मी कागलकडे बोट दाखवीन. मुलाखतीत एवढं मात्र विचारा: मालक गावाला गेले असताना लॉट कोण अडवतो? न अडखळता एखाद्याचं नाव सांगितलं, तर शिरोलीतही खुशाल राहा.