कंपन विश्लेषणाची आंतरराष्ट्रीय परिषद : नोंदणी शुल्क कुठे वसूल होते?

पूल, इमारती, विमानांचे पंख आणि यंत्रांचे सांगाडे यांच्या कंपनांचा अभ्यास करणाऱ्या अभियंत्यांच्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेला नुकताच उपस्थित होतो. परिषदेचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही. जाणवलेल्या त्रुटी आयोजकांना लेखी कळवल्या आहेत. ज्यांना स्वतः मोजमापे घ्यायची असतात त्यांचे नोंदणी शुल्क येथे पुरेपूर वसूल होते, आणि ज्यांचे काम संगणकावरील प्रतिमानांपुरते आहे त्यांना घरबसल्या शोधनिबंध वाचूनही जवळपास तेवढेच मिळेल, असे माझे मत झाले.

मुख्य परिषदेच्या आदल्या दिवशीची कार्यशाळा हा सर्वांत सरस भाग होता. ॲल्युमिनियमची एक साधी पट्टी लवचिक दोऱ्यांवर टांगलेली होती आणि बलमापक बसवलेला हातोडा प्रत्येकाच्या हाती दिला जात होता. आधी रबरी आणि मग पोलादी टोक लावून ठोका दिला की पडद्यावरील बलाचा वर्णपट (कोणत्या वारंवारतेला किती ऊर्जा हे दाखवणारा आलेख) डोळ्यांदेखत बदलत असे : मऊ टोकाचा आघात जास्त वेळ टिकत असल्याने वरच्या वारंवारतांपर्यंत ऊर्जा पोहोचत नाही, तर कठीण टोकाचा आघात अत्यल्पकाळ टिकत असल्याने ती दूरवर पसरते. एका प्रतिनिधीकडून दुहेरी ठोका पडला, तेव्हा वर्णपटावर उमटलेल्या लहरींवर बोट ठेवून प्रशिक्षकांनी ती नोंद तिथल्या तिथे रद्द केली आणि कोहिरन्सचा, म्हणजे मिळालेला प्रतिसाद दिलेल्या ठोक्याशी कितपत जुळतो हे दाखवणारा, आलेख कसा वाचावा हे समजावून सांगितले. प्रतिसादाच्या आलेखातील दोन शिखरांमधील दरीत, जेथे प्रतिसादच नगण्य असतो, तेथे कोहिरन्स घसरला तर फारसे बिघडत नाही. अनुनादाच्या शिखरावर घसरला तर मोजणीची मांडणी तपासावी लागते. हे पाठ्यपुस्तकात असते, पण हाताने ठोका दिल्यावर जसे पटते तसे वाचून पटत नाही.

पुलांच्या आरोग्य निरीक्षणावरील सत्रही असेच भरीव होते. स्वित्झर्लंडमधील झेड-२४ पुलाच्या नोंदींवर तेथे दीर्घ चर्चा झाली. १९९८ मध्ये पाडण्यापूर्वी या पुलाला टप्प्याटप्प्याने मुद्दाम हानी पोहोचवण्यात आली होती, आणि त्याआधीचे अनेक महिने त्याच्या कंपनांची नोंद ठेवलेली होती. तापमान शून्याखाली गेले की वरचा डांबरी थर ताठर होऊन पुलाच्या नैसर्गिक वारंवारता वाढतात, त्यामुळे हवामानाचा परिणाम वेगळा काढल्याशिवाय हानीविषयी काही बोलणे धाडसाचे ठरते. प्रयोगशाळेतल्या तुळईवर यशस्वी झालेली पद्धत अशा खऱ्या नोंदींवर चालवून दाखवा, असा आग्रह सत्राध्यक्षांनी प्रत्येक वक्त्याकडे धरला, याबद्दल त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे.

निमंत्रित व्याख्यान लंडनच्या मिलेनियम पुलावर होते. १० जून २००० रोजी खुला झालेला हा पादचारी पूल आडव्या दिशेने इतका डोलू लागला की दोन दिवसांत बंद करावा लागला आणि कंपने शमवणारे ३७ श्यान डॅम्पर व इतर उपाय योजल्यानंतर २००२ मध्ये पुन्हा सुरू झाला. पूल डोलला की चालणारे पाय फाकवून तोल सावरतात, त्यातून पुलाला आणखी ऊर्जा मिळते आणि तेवढ्या प्रमाणात त्याचे डॅम्पिंग, म्हणजे कंपने शमवण्याची क्षमता, घटते, ही साखळी वक्त्यांनी फार सुबोधपणे मांडली. प्रश्नोत्तरांना मात्र वेळच उरला नाही.

वेळेचे नियोजन हाच परिषदेचा सर्वांत कच्चा दुवा आहे. समांतर सत्रे इतकी होती, की डॅम्पिंगच्या अंदाजावरील आणि जोडांच्या अरेषीय वर्तनावरील निबंध एकाच वेळी वेगवेगळ्या दालनांत सुरू होते, आणि दोन्ही विषय ज्यांना हवे असतात ती माणसे बहुधा तीच असतात. त्यातच अनेक सादरीकरणे मॅक (मोडल ॲश्युरन्स क्रायटेरियन) मूल्यांचा रंगीत तक्ता दाखवून संपत. हा निकष ऑलेमँग आणि ब्राउन यांनी १९८२ मध्ये, ऑर्लँडो येथील पहिल्या आंतरराष्ट्रीय मोडल ॲनालिसिस परिषदेत मांडला होता. दोन मोड शेप (एखाद्या नैसर्गिक वारंवारतेला कंप पावताना संरचना घेते ते आकार) एकमेकांशी किती जुळतात एवढेच तो शून्य ते एक या मापावर सांगतो. संवेदक मोजकेच असतील तर भिन्न मोडही सारखे भासतात. तरीही ०.९५ हा आकडा पडद्यावर आला की सभागृहात समाधानाची लाट पसरते. संवेदक किती आणि कोठे बसवले होते, हे विचारणारा श्रोता क्वचितच भेटला. डॅम्पिंगच्या आकड्यांसोबत अनिश्चितता दाखवणारे वक्तेही थोडेच होते, आणि एकाच संरचनेवर नैसर्गिक वारंवारतेच्या तुलनेत डॅम्पिंगचे अंदाज किती विखुरतात हे या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहे.

प्रदर्शनाचे दालन नेहमीप्रमाणे विक्रेत्यांनी भरलेले होते. त्यातही लेझर व्हायब्रोमीटरच्या कक्षात स्पर्श न करता पातळ पत्र्याची कंपने मोजून दाखवत होते. हलक्या वस्तूवर ॲक्सेलरोमीटर (त्वरण मोजणारा संवेदक) चिकटवला की त्याच्याच वजनाने वारंवारता खाली सरकते, हा फरक तेथे शेजारी-शेजारी पाहता आला.

नव्याने जाणाऱ्यांनी नोंदणी अर्ज नीट वाचावा. कार्यशाळेची नोंदणी मुख्य परिषदेपासून स्वतंत्र असते, जागा मोजक्या असतात आणि हातोडा हाती मिळणाऱ्या तुकड्या सर्वांत आधी भरतात.