ऐतिहासिक हॅन्सार्ड : नागपुरात बसून पश्चिम वॉटरफर्डचा शोध घेताना

ब्रिटिश संसदेच्या जुन्या चर्चांचं ‘हिस्टॉरिक हॅन्सार्ड’ हे संकेतस्थळ मोफत आहे. नावनोंदणी लागत नाही. 1803 ते 2005 या काळातल्या चर्चा त्यावर आहेत. पानं निव्वळ मजकुराची असल्याने साध्या मोबाईलवरही भराभर उघडतात. इतिहासात एम.ए. करणाऱ्यांनी, नेट-सेटची तयारी करणाऱ्यांनी ते वापरायलाच हवं. मात्र ‘शोधा’ची पेटी उघडून नाव टाकलं की काम झालं, अशी ही सेवा नाही. तिची खरी ताकद मतदारसंघांच्या यादीत आहे आणि तिथे फारसं कुणी जात नाही. पश्चिम वॉटरफर्ड हा आयर्लंडमधला आता अस्तित्वात नसलेला ग्रामीण मतदारसंघ घेऊन ही सेवा कुठवर पुरते ते पाहू.

हाच मतदारसंघ घेण्याला कारण आहे. डिसेंबर 1891 मध्ये काँग्रेसचं सातवं अधिवेशन नागपुरात पी. आनंद चार्लूंच्या अध्यक्षतेखाली भरलं. तीन वर्षांनी मद्रासच्या दहाव्या अधिवेशनाचे अध्यक्ष होते आल्फ्रेड वेब. ‘आयरिश खासदार’ एवढं लिहून आपली पाठ्यपुस्तकं पुढे सरकतात. हा माणूस कुठून निवडून आला, सभागृहात काय बोलला, हे विद्यार्थ्याला कळतच नाही.

मुखपृष्ठावर दशकं, व्यक्ती आणि मतदारसंघ अशा वेगवेगळ्या वाटा आहेत. मतदारसंघांत इंग्रजी ‘डब्ल्यू’ अक्षर निवडा. तिथे वॉटरफर्ड नावाच्या एकाहून जास्त नोंदी दिसतील आणि पहिली चूक इथेच होते. 1885 पूर्वी वॉटरफर्ड परगण्याचे (इंग्रजीत काउंटी) दोन खासदार होते, वॉटरफर्ड शहराचे दोन आणि डंगार्व्हन या छोट्या बंदराचा स्वतंत्र एक. 1885 च्या फेररचनेत परगण्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, शहराची एक जागा गेली आणि डंगार्व्हनचा वेगळा दर्जा संपला. त्यामुळे डंगार्व्हनच्या मतदाराचा माग काढताना 1885 आधी एक पान आणि नंतर दुसरं पान उघडावं लागतं. संकेतस्थळ हा सांधा जोडून दाखवत नाही, तो आपणच जोडायचा. नावाचा क्रमही लक्षात ठेवा. यादीत ‘वॉटरफर्ड’ आधी आणि ‘वेस्ट’ नंतर येतं. इतिहासकार ते उलटं लिहितात, तर चर्चांमध्ये दिशेचं नुसतं आद्याक्षर असतं.

लिस्मोर, टॅलो, कॅपोक्विन, आर्डमोर, डंगार्व्हन ही या मतदारसंघातली मोठी नावं. बाकी सगळी शेती. आयर्लंडच्या परगण्यांत 1850 पासून 12 पौंडांच्या करमूल्याची जमीन किंवा घर ताब्यात असणाऱ्यालाच मत होतं. 1884 च्या कायद्याने ते घर चालवणाऱ्या पुरुषाला मिळालं आणि आयर्लंडची मतदारसंख्या सव्वादोन लाखांच्या आसपास होती ती सात लाखांच्या वर गेली. लहान कूळ आणि शेतमजूर पहिल्यांदाच यादीत आले. ही पार्श्वभूमी डोक्यात नसेल तर मतदारसंघाच्या पानावरची नावं आणि तारखा मुक्याच राहतात.

ती नावं तीनच. पहिला जॅस्पर डग्लस पाइन, 1885 मध्ये निवडून आला आणि 1888 मध्ये वारला. मग आल्फ्रेड वेब, डब्लिनचा मुद्रक, क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा. तो 24 फेब्रुवारी 1890 च्या पोटनिवडणुकीत आला आणि 1895 मध्ये त्याने जागा सोडली. तिसरा जेम्स जॉन ओ’शी, 1895 पासून थेट 1918 पर्यंत. नावावर टिचकी मारली की त्या व्यक्तीचं पान येतं. त्यावर पहिली आणि शेवटची नोंद, आणि वर्षावार भाषणं-प्रश्नांची यादी असते. या सेवेचा सर्वांत उपयोगी भाग हाच.

ओ’शीच्या बाबतीत एक सावधगिरी. त्याच्या आडनावाशी जवळजवळ जुळणारा कॅप्टन ओ’शे हा आयरिश नेता पार्नेलच्या घटस्फोट प्रकरणातला माणूस, पूर्ण वेगळा. इंग्रजीत फरक फक्त शेवटच्या अक्षराचा आहे, त्यामुळे बाहेरच्या शोधयंत्रात दोघे सरमिसळ होतात. व्यक्तीच्या पानावरून गेलात तर हा घोळ टळतो. आपला ओ’शी वकील होता आणि शेतमजुरांच्या ‘लँड अँड लेबर असोसिएशन’च्या उभारणीत होता. त्याच्या यादीत ‘लेबरर्स’ शब्दाची शीर्षकं आधी वाचा. मजुरांना घर आणि घराभोवती जमिनीचा तुकडा देणाऱ्या कायद्यांचा मागोवा त्यातून लागतो.

आता दोष. 1909 पूर्वीचं हॅन्सार्ड हे शब्दशः इतिवृत्त नाही. वर्तमानपत्रांतल्या वृत्तांतांवरून बरंच जुळवलेलं आहे आणि भाषणं पुष्कळदा तृतीयपुरुषी आहेत: अमुक म्हणाले की असं असं. म्हणून वेबच्या भाषणातलं वाक्य अवतरणचिन्हांत घालून त्याचे शब्द म्हणून देऊ नये. ‘वृत्तांतानुसार’ असं लिहावं. शोधनिबंधांत ही चूक फार होते आणि तपासणाऱ्याच्याही नजरेतून निसटते.

दुसरा दोष यंत्रवाचनाचा. छापील पानं यंत्राने वाचून मजकूर तयार झाला आहे, त्यामुळे अक्षरं बदललेली सापडतात, आकड्यांत तर जास्तच. काही भाषणं कुठल्याच व्यक्तीला जोडलेली नाहीत. तेव्हा वेबच्या यादीत एखाद्या दिवसाची नोंद नाही म्हणजे तो बोललाच नाही असं धरू नका. महत्त्वाच्या दिवसाची पूर्ण चर्चा उघडून वाचा. 2 जून 1893 ला सनदी सेवेच्या परीक्षा भारतात आणि इंग्लंडमध्ये एकाच वेळी घ्याव्यात हा ठराव कॉमन्स या कनिष्ठ सभागृहात मंजूर झाला, तो दिवस असाच आधी तारखेने उघडावा. दादाभाई नौरोजी तेव्हा सेंट्रल फिन्सबरीचे खासदार म्हणून त्याच सभागृहात होते.

संदर्भ देताना पान क्रमांक लिहायचा नसतो. तारीख, खंड आणि कॉलम, म्हणजे रकान्याचा क्रमांक, लिहायचा. खंडाचे आकडे 1892 आणि 1909 मध्ये नव्या मालिकेबरोबर पुन्हा एकपासून सुरू झाले. वेबची कारकीर्द 1892 च्या दोन्ही बाजूंना पसरलेली आहे, म्हणून नुसता खंड लिहिला तर वाचक चुकीच्या ठिकाणी पोचतो. मालिका तिसरी की चौथी, तेही लिहा.

नागपूरबद्दलचे उल्लेख काढायचे तर आजचं स्पेलिंग पुरत नाही. शेवटी ‘पोअर’ किंवा ‘पूर’सारखा उच्चार होईल अशी जुनी स्पेलिंगंही टाकून पाहा, आणि मुख्य म्हणजे ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस’ (नागपूर तेव्हा ज्यात होतं तो मध्य प्रांत) शोधा. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळाबद्दलची चर्चा प्रांताच्या किंवा नुसत्या दुष्काळाच्या नावाखाली येते, शहराच्या नाही. स्थळाच्या आतल्या शोधावर विसंबू नका. बाहेरच्या शोधयंत्रात हे संकेतस्थळ मर्यादा म्हणून घालून शोधा. सापडलेल्या प्रश्नाची तारीख घेऊन विदर्भ अभिलेखागारात गेलात तर इथल्या सचिवालयाची त्याच काळातली कागदपत्रं बाजूला ठेवून वाचता येतात. लंडनमध्ये दिलेलं उत्तर आणि इथला कागद यांची अशी जुळणी करणं हे या सेवेचं नागपूरकरांसाठीचं सर्वांत मोलाचं काम आहे.

मतदार मात्र इथे दिसत नाही. मतांचे आकडेही नाहीत, ते छापील संकलनांत पाहावे लागतात. बिनविरोध निवडणुकीत आकडा नसतोच, तो हरवला असं समजू नये. माणसं पाहायची तर आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या मोफत स्थळावर 31 मार्च 1901 आणि 2 एप्रिल 1911 च्या जनगणनेचे घरोघरचे अर्ज आहेत. धर्म, शिक्षण, व्यवसाय, आयरिश भाषा येते का, सगळं त्यात आहे. परगणा, मग निवडणूक विभाग, मग टाउनलँड, म्हणजे आपल्या शिवारासारखा तुकडा, असं उतरायचं. हा ‘निवडणूक विभाग’ स्थानिक कारभाराचा असतो, संसदीय मतदारसंघ नव्हे. संसदीय सीमा बॅरनी नावाच्या जुन्या विभागांवर बेतलेली होती, म्हणून बॅरनीचा नकाशा शेजारी हवा. 1881 आणि 1891 चे अर्ज पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यात गेले. वेबला निवडून देणाऱ्यांचं चित्र 1901 वरून मागे जाऊन अंदाजानेच बांधावं लागतं.

1918 मध्ये परगण्याचे दोन्ही भाग पुन्हा एक झाले आणि पश्चिम वॉटरफर्ड संपला. नव्या जागेवर ओ’शीला हरवून सिन फेन या आयरिश स्वातंत्र्यवादी पक्षाचा काहल ब्रुहा आला. त्याचं भाषण हॅन्सार्डमध्ये शोधू नका. त्याच्या पक्षाने वेस्टमिन्स्टरवर, म्हणजे ब्रिटिश संसदेवर, बहिष्कार घातला होता. त्यांनी डब्लिनमध्ये भरवलेल्या डॉल या स्वतंत्र प्रतिनिधी सभेची इतिवृत्तं आयर्लंडच्या संसदेच्या स्थळावर मोफत आहेत. तिथे 21 जानेवारी 1919 उघडा: पहिल्या बैठकीच्या अध्यक्षस्थानी तोच सापडतो, आणि कामकाज बव्हंशी आयरिश भाषेत.