जंगल राखायला निधी कुठे घालावा: मोबदला, गावाचा हक्क की उपग्रहाची नजर?

निधी मर्यादित असेल तर आधी दोन गोष्टींचा छडा लावा: झाडं कोण तोडतंय आणि जमीन कुणाच्या नावावर आहे. यात चूक झाली तर चांगली योजनाही वाया जाते.

जमीन खासगी आणि तोडणारा घरच्या नडीला झाड विकणारा छोटा शेतकरी असेल, तर मोबदला उपयोगी पडतो. युगांडात चिंपांझींच्या अधिवासातल्या 121 गावांत हे रीतसर तपासलं गेलं. सुमारे निम्म्या गावांतल्या जंगलमालकांना तोड न केल्याबद्दल वर्षाला हेक्टरी 70,000 युगांडन शिलिंग देऊ केले. दोन वर्षांत तिथलं वृक्षाच्छादन 4.2 टक्क्यांनी घटलं, तर मोबदला नसलेल्या गावांत 9.1 टक्क्यांनी. मात्र पात्र मालकांपैकी जेमतेम एकतृतीयांश सामील झाले. जमीन बळकावतील, ही भीती काहींना होती. म्हणून करारात जमिनीची मालकी शेतकऱ्याचीच राहील हे ठळक लिहा. त्याचं सगळं जंगल करारात घ्या, नाहीतर एक तुकडा राखून दुसरा तोडला जातो. पाहणी न कळवता करा आणि ताजे बुंधे शोधा. पैसा दरवर्षी लागतो, हे विसरू नका. कोस्टा रिकाने त्यासाठी इंधनावरच्या कराचा आधार घेतला.

जमीन सरकारी, पण सरपण-चाऱ्यासाठी सारं गाव तिच्यावर अवलंबून असेल, तर आमचा कौल नेपाळच्या वाटेला. 1993च्या कायद्याने तिथे गावकऱ्यांच्या सामुदायिक वन उपभोक्ता गटांना जंगल सांभाळायचा आणि उत्पन्न ठेवायचा हक्क मिळाला. 1992 मध्ये 26 टक्के असलेलं वनाच्छादन 2016 पर्यंत 45 टक्क्यांवर गेलं. गावं सोडून गेलेल्यांमुळे शेतीचा ताण घटला, हाही त्यात भाग होता. इथे बिघडतं ते गटाचा कारभार पाहणाऱ्या समितीत. ती गावातल्या वजनदार घरांच्या हाती गेली की चराईबंदी होते आणि शेळ्या पाळणारी गरीब कुटुंबं आधी भरडली जातात. जंगल एकदम बंद न करता पाळीपाळीने पट्टे बंद ठेवा.

तोड मोठ्या जमीनमालकांची किंवा टोळ्यांची असेल, तर गावसमिती त्यांना पुरी पडत नाही. ब्राझीलने 2004 नंतर उपग्रहाच्या इशाऱ्यांवर छापे आणि दंड सुरू केले, 2008 मध्ये नियम मोडणाऱ्यांचं शेतीकर्जही रोखलं. अ‍ॅमेझॉनमधली वार्षिक तोड 2004च्या 27,772 चौरस किलोमीटरवरून 2012 मध्ये 4,571वर आली. पुढे कारवाई ढिली पडली आणि 2021 मध्ये ती 13,000च्या वर गेली. तेव्हा उपग्रहाच्या चित्रांवर खर्च करण्याआधी इशारा मिळाल्यावर जागेवर कोण पोहोचणार, त्याच्याकडे गाडी आणि दंडाचा अधिकार आहे का, हे लेखी ठरवून घ्या.