ॲशव्हिल की ग्रीनब्रायर? ॲपलेशियन डोंगरांतला लाँग वीकेंड

नॉर्थ कॅरोलायनातलं ॲशव्हिल की वेस्ट व्हर्जिनियातलं ग्रीनब्रायर रिसॉर्ट, असा घोळ चालू असेल तर आधी एवढं ठरवा: जुन्या श्रीमंतीची वास्तू नुसती बघायचीय की तिथे मुक्कामही करायचाय?

ॲशव्हिलचं बिल्टमोर बघण्यासाठी. धनाढ्य रेल्वे-घराण्यातल्या जॉर्ज व्हँडरबिल्टने स्वतःसाठी बांधलेल्या आणि १८९५ मध्ये खुल्या केलेल्या या वाड्यात २५० खोल्या आहेत. तिकीट महाग, जिने भरपूर. पण मला दालनांपेक्षा बाहेरची जमीन मोलाची वाटते. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क आखणाऱ्या ओल्मस्टेडनेच इथल्या बागा आखल्या आणि झीज झालेल्या शेतजमिनीवर जंगल लावण्याचा सल्ला दिला. १९१४ मध्ये व्हँडरबिल्ट गेल्यावर त्याच्या पत्नीने सुमारे ८७ हजार एकर जंगल सरकारला विकलं. आजच्या पिसगा राष्ट्रीय वनाचा गाभा तोच. त्यामुळे वाडा बघून ब्लू रिज पार्कवेला लागलात की त्याच गोष्टीचा पुढचा भाग दिसतो. या ४६९ मैलांच्या रस्त्यावर मालवाहू ट्रक नाहीत, आणि पेट्रोल पंपही नाहीत. टाकी भरून निघा. २०२४ च्या हेलीन वादळाने इथे मोठं नुकसान केलं, म्हणून कुठला टप्पा बंद आहे का, तेही आधी पाहा. शरद ऋतूतले पानांचे रंग उंचावर आधी येतात, खोऱ्यात नंतर. तारीख थोडी चुकली तरी गाडी वर-खाली नेऊन रंग गाठता येतात.

ग्रीनब्रायर मुक्कामासाठी. हे मुळात गंधकाच्या झऱ्याचं ठिकाण. १७७८ पासून लोक इथे औषधी मानल्या जाणाऱ्या पाण्यासाठी यायचे. इंटिरियर डिझायनर डोरोथी ड्रेपरची भडक फुलाफुलांची सजावट मला दोन तासांत नकोशी होईल. पण खाली काय आहे बघा! अणुयुद्ध झालं तर अमेरिकी संसदेला लपवण्यासाठी हॉटेलच्या एका विंगखाली बंकर बांधला होता. देखभाल करणारे लोक टीव्ही दुरुस्तीवाले म्हणून वावरायचे. १९९२ मध्ये वर्तमानपत्राने गुपित फोडलं. आता तिथे टूर असते, मोबाइल मात्र बाहेर ठेवावा लागतो. जवळपास फिरायला शेजारच्या व्हर्जिनियातल्या कोव्हिंग्टनचा १८५७ चा कमानदार लाकडी पूल आहे, छप्पर असलेला. बाकी शांतता.

भारतातून आई-बाबा आले असतील तर मी ॲशव्हिलच म्हणेन. बिल्टमोरच्या जिन्यांचा त्रास होईल, पण पार्कवेवर गाडीत बसूनही डोंगर दिसतात. शिवाय अहमदनगरला (आता अहिल्यानगर) वाढलेल्या मेहेरवान इराणींचं ‘चाय पानी’ हे भारतीय रेस्टॉरंट तिथे आहे. ग्रीनब्रायरचं गाव लहान, जेवण बरंचसं रिसॉर्टच्याच दरात. तिथे दोघांनीच जावं. वॉशिंग्टनहून ॲमट्रॅकची ‘कार्डिनल’ ही रेल्वेगाडी थेट रिसॉर्टच्या समोर उतरवते, पण आठवड्यातून तीनच दिवस. तेव्हा आधी गाडीचे वार बघा, मगच खोली बुक करा.