राखड बंधारा वाढवायचाय: आतून की बाहेरून?

राख साठवायचं तळं भरत आलंय, नवी जागा मिळत नाही आणि वीजनिर्मितीचे संच बंद ठेवता येत नाहीत. औष्णिक केंद्राच्या सिव्हिल विभागात मग 'रेझिंग'चा, म्हणजे तळ्याभोवतीच्या बांधाची उंची वाढवण्याचा प्रस्ताव येतो, सोबत दोन नकाशे. एकात नवा बांध जुन्याच्या आतल्या बाजूला, साठलेल्या राखडीवर चढवलेला. दुसऱ्यात जुन्या बांधाला बाहेरून भर घालून तो रुंद आणि उंच केलेला. पहिल्याची रक्कम इतकी कमी दिसते की अकाउंट्सवाले दुसरा नकाशा उघडतही नाहीत. ज्याला शेवटी सही करायची आहे त्याच्यासाठी हे लिहितोय. माझी बरीच वर्षं अशा बांधांवरून चालण्यात गेली, त्यामुळे माझा कल लपणार नाही.

आधी मातीचा हिशोब. समजा मूळ बांध ६ मीटर उंच आहे, माथा ४ मीटर रुंद, दोन्हीकडचा उतार १ ला २.५, म्हणजे एक मीटर उंचीला अडीच मीटर पसारा. उंची ३ मीटरने वाढवायची आहे. आतून चढवलात तर बांधाच्या दर धावत्या मीटरला ३४.५ घनमीटर भराव लागतो. बाहेरून वाढवलात तर १२४.५, म्हणजे साडेतीन पटीहून जास्त. पुढच्या वेळी आणखी ३ मीटर चढायचं झालं तर आतला आकडा तोच राहतो, बाहेरचा १६९.५ वर जातो. बांध २ किलोमीटर लांब असेल तर पहिल्याच वाढीत एकीकडे ६९ हजार घनमीटर, दुसरीकडे जवळजवळ अडीच लाख. टिपरला १० घनमीटर धरा आणि खेपा तुम्हीच मोजा. शिवाय बाहेरून वाढवताना पायथा दर वाढीला १५ मीटर पुढे सरकतो. २ किलोमीटरला ही ३ हेक्टर जमीन झाली, आणि ती बहुधा कुणाच्या तरी कपाशीखाली असते.

आतून चढवताना जमीन लागत नाही, पण फुकट तेही नाही. जुना माथा रस्ता म्हणून मोकळा ठेवला तर नवा माथा साडेअकरा मीटर आत सरकतो, म्हणजे दर वाढीला तळं वर निमुळतं होत जातं. तीन-चार वाढींनंतर एवढी उंची चढवूनही साठा फारसा वाढत नाही. खर्चाच्या तक्त्यात हा रकाना मला क्वचितच दिसलाय.

इथवर अकाउंट्सवाल्यांचं म्हणणं खोडून काढता येत नाही. अडचण आहे ती नव्या बांधाच्या पायाखाली.

एप्रिलच्या उन्हात भरलेल्या तळ्यावर उभे राहा. वर पापडासारखी तडकलेली राखाडी कपची असते, त्यावरून माणूस बिनधास्त चालतो. एका जागी टाच जोरात आठ-दहा वेळा आपटा. कपची ओली होते, चकाकायला लागते, आणि आजूबाजूची जमीन खरवसासारखी थरथरते. वरून कोरडी दिसणारी राखड हातभर खाली पाण्यात बसलेली असते. तिचे कण बारीक आणि गोल, मातीसारखी एकमेकांना धरून राहण्याची ताकद त्यांच्यात जवळजवळ नाही. सैल आणि पाण्याने भरलेल्या अशा थराला धक्का बसला किंवा वरचा भार भराभर वाढला, की भार कणांवरून पाण्यावर जातो आणि घट्ट वाटणारा थर पातळ होऊन वाहतो. आतून चढवलेला बांध याच थरावर पाय टेकून उभा असतो. बाहेरून वाढवलेला बांध मूळ जमिनीवर आणि जुन्या दाबलेल्या भरावावर उभा राहतो. दोन्ही नकाशांतला खरा फरक हा, बाकीचं सगळं घनमीटर.

म्हणजे आतली पद्धत सरसकट वाईट, असं मी म्हणत नाही. राखड कशी सोडली गेली यावर सगळं अवलंबून असतं. एक भाग राखेला आठ-दहा भाग पाणी, अशी पातळ स्लरी पाइपातून येते. जाड कण तोंडाशीच बसतात, बारीक गाळ आणि पाणी लांब जातं. बांधाच्या कडेकडेने थोड्या थोड्या अंतरावर तोंडं ठेवून आळीपाळीने स्लरी सोडली, तर बांधालगत जाड राखडीचा रुंद, निचरा होणारा काठ तयार होतो आणि पाणी मधल्या उपसा-विहिरीकडे, म्हणजे वरचं निवळलेलं पाणी बाहेर काढणाऱ्या विहिरीकडे, पळतं. अशा काठावर आतून एखादी वाढ चढवता येते. प्रत्यक्षात मात्र पाइप हलवायला माणसं नसतात. एकाच कोपऱ्यातून महिनोन्महिने स्लरी पडते आणि समोरच्या बांधाला हिरवट पाणी टेकून राहतं. त्या टोकाला तळात लोण्यासारखा गाळ असतो. कागदावर बांध चारही बाजूंना सारखाच ३ मीटर चढलेला दिसतो, पण त्या बाजूला तो गाळावर बसलेला असतो.

अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या किंग्स्टन केंद्राचं तळं असंच थरावर थर चढवत उंच केलं होतं. २२ डिसेंबर २००८ रोजी रात्री एकच्या सुमारास ते सरकलं आणि सुमारे ४१ लाख घनमीटर ओली राख १२० हेक्टरांवर पसरली, घरं ढकलली गेली, नदीचं पात्र बुजलं. भूकंप नव्हता, ढगफुटीही नव्हती. तपासात चार गोष्टी एकत्र पुढे आल्या: तळाशी मऊ गाळाचा पातळ थर, सैल ओली राख, बांधांची रचना आणि भरण्याचा वाढलेला वेग. त्याआधी २००३ आणि २००६ मध्ये तिथल्या उतारावर पाझर फुटून डागडुजी झालेली होती. ब्राझीलमध्ये जानेवारी २०१९ ला ब्रुमादिन्यूचं धरण फुटून २७० जीव गेले. तो लोहखनिजाचा गाळ होता, राख नव्हती, पण बांध आतूनच चढवलेला. त्यानंतर त्या देशाने या पद्धतीवर बंदीच घातली.

आपल्याकडचा मोठा शत्रू पाऊस. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ खसाळ्याचा राखड बंधारा मुसळधार पावसात फुटला आणि राखेचं पाणी शेतांत आणि नाल्यांत गेलं. दीड मीटर फ्रीबोर्ड, म्हणजे पाण्यापासून माथ्यापर्यंतची मोकळी उंची, मे महिन्यात भरपूर वाटतो. उपसा-विहिरीत पाणी घेण्यासाठी काढ-घाल करायच्या फळ्या गाळाने अडकल्या की दोन रात्रींत तो संपतो, आणि पाणी माथ्यावरून गेलं तर आतून वाढवलेला काय आणि बाहेरून वाढवलेला काय, मातीचा बांध टिकत नाही.

आता बाहेरच्या पद्धतीची दुखणी, कारण तीही कमी नाहीत. जुन्या बांधाच्या पायथ्याशी दगडांचा टो, म्हणजे रचलेली कड, आणि निचऱ्याची नाली असते. नवा भराव थेट तिच्यावर येतो. नव्या पायथ्यापर्यंत वाळू-खडीचा गाळणथर नेऊन जुनी नाली त्याला जोडली नाही, तर तुम्ही बांध मजबूत करण्याच्या नावाखाली त्याचं पाणी आतच कोंडता. पाझर-रेषा, म्हणजे बांधाच्या आतली पाण्याची पातळी, वर चढते आणि दोन पावसाळ्यांत मधल्या उतारावर ओल दिसते. माझ्या पाहण्यातल्या एका कामात हेच झालं होतं. ओल आधी दिसली ती गुराख्याला. ऐन उन्हाळ्यात त्या पट्ट्यात हिरवी लव्हाळी उगवली होती आणि त्याच्या म्हशी तिथून हलत नव्हत्या.

दुसरं, जुना उतार नुसता खरवडून त्यावर माती ओतायची नसते. गवत आणि बाभळीची मुळं काढून पायऱ्या कापाव्या लागतात, नाहीतर जुन्या-नव्याची सांधरेषा घसरगुंडी होते. तिसरं, विदर्भात हाताशी मिळते ती काळी माती. ती पावसात फुगते, उन्हात हाताचा पंजा जाईल एवढी फाटते. आत पाणी अडवायला ठीक, पण बाहेरच्या अंगाला मुरूमच हवा. आणि मुरूम लांबून आला की तो खर्चाचा आकडा आणखी फुगतो.

मधला मार्गही आहे: माथा जागच्या जागी ठेवून वर चढायचं, अर्धा पाय आत, अर्धा बाहेर. वरच्याच उदाहरणात त्याला ७९.५ घनमीटर लागतात आणि पायथा साडेसात मीटर सरकतो. जागा थोडी असेल तर मी याच्याकडे आधी बघेन. आतल्या बाजूची भर राखडीवर येतेच, पण बांधाचा कणा जुन्या भरावावर राहतो.

वाढवूच नका, कोरडी राख विटांना, सिमेंटला, रस्त्यांना द्या, असं सांगणारे भेटतील. सिमेंटवाले कोरडी फ्लाय ॲश, म्हणजे धुरातून पकडलेली बारीक राख, घेऊन जातात हे खरं. पण बॉयलरच्या तळातली जाड राख आणि मागणी नसलेल्या महिन्यांतली फ्लाय ॲश तळ्यातच येते. उचल वाढली तर पुढची वाढ दोन-तीन वर्षं लांबते, आणि ते आतून चढवण्यापेक्षा स्वस्त पडतं. चालू वाढीला मात्र तो पर्याय नाही.

मी सही करणारा असेन तर खाली वस्ती, नाला किंवा पिण्याच्या पाण्याची नदी असताना आतून दुसरी वाढ मंजूर करणार नाही, पहिलीसुद्धा काठ कोरडा असल्याचं बोअरच्या नमुन्यांवरून दिसल्याशिवाय नाही. जमीन मिळत असेल तर बाहेरून, मिळत नसेल तर मधला मार्ग. बांधाखाली ओसाड माळ असेल, काठ नीट घडवलेला असेल आणि वर्षाला एका वाढीहून जास्त घाई नसेल, तर आतून चढवायला माझी हरकत नाही.

कुठलाही नकाशा निवडा, त्याआधी दोन गोष्टी मागवा. गेल्या सप्टेंबरचं पायझोमीटरचं (बांधातल्या पाण्याची पातळी मोजणाऱ्या नळ्यांचं) रजिस्टर, आणि टो-नालीचं पाणी भरलेली काचेची बाटली. रजिस्टरात सगळे आकडे एकाच पेनाने, एकाच दिवशी लिहिल्यासारखे दिसले, किंवा बाटलीच्या तळाशी तासाभरात राखाडी साका बसला, तर दोन्ही नकाशे परत पाठवा.