डोळ्यांखालच्या पिशव्यांचं ऑपरेशन: सात-आठ महिन्यांनंतरचा अनुभव

आधी निकाल सांगतो, मग बाकीचं. पिशव्या गेल्या. डोळ्यांखालचा काळेपणा थोडा कमी झाला पण बराचसा आहे तसाच आहे. बारीक सुरकुत्या आधीपेक्षा जरा जास्तच दिसतात. आणि सकाळी उठल्यावर चेहरा अजूनही फुगलेला असतोच. हे सगळं मला ऑपरेशनच्या आधीच समोर बसवून नीट सांगितलेलं होतं म्हणून मी खूश आहे, कोणी सांगितलं नसतं तर याच रिझल्टवर मी डोकं आपटून घेतलं असतं.

माझ्या पिशव्या तिशीच्या आधीपासूनच्या. वडिलांना होत्या, आत्याला आहेत, म्हणजे वारसा हक्काने आलेल्या. तरी भेटेल तो माणूस "झोप होत नाही का रे" एवढंच विचारायचा आणि आपण नऊ तास झोपून आलोय हे कोणाला पटायचं नाही. नंतर कळलं की झोपेचा यात तसा फारसा हात नसतोच. डोळ्याचा गोळा खोबणीत चरबीच्या गादीवर बसलेला असतो आणि ती चरबी पुढे येऊ नये म्हणून खालच्या पापणीत एक पातळ पडदा असतो, डॉक्टर त्याला सेप्टम म्हणतात. वय वाढतं तसा तो सैल पडतो, काहींच्यात मुळातच नाजूक असतो, मग मागची चरबी पुढे डोकावायला लागते. म्हणजे ही चरबी नवीन साठलेली नसते, आतलीच बाहेर सरकलेली असते, त्यामुळे वजन उतरवून ती जाईल या आशेवर असाल तर सोडून द्या. उलट गाल बारीक झाले की पिशवी जास्तच उठून दिसते, हे मी स्वतः बघितलंय.

आणि नुसता फुगवटा असता तरी एक वेळ चाललं असतं. त्याच्या खाली खोबणीच्या हाडाच्या कडेला कातडी आतून घट्ट बांधलेली असते, तिथे चर पडतो, नाकाच्या बाजूने तिरका खाली जाणारा. वयाबरोबर गाल खाली सरकतो, हाडही थोडं झिजतं, मग तो चर अजून खोल होतो. वर डोंगर खाली दरी, आणि डोक्यावरच्या दिव्याची सावली बरोबर त्या दरीत पडते. आपण ज्याला काळं वर्तुळ म्हणतो त्यातलं बरंचसं ही सावलीच असते, उरलेला खरा रंग. सावली ऑपरेशनने जाते, रंग जात नाही. हा फरक समजून घ्यायला एक सोपी गोष्ट आहे, आरशासमोर टॉर्च समोरून चेहऱ्यावर धरा, जेवढा काळेपणा गायब झाला तेवढी सावली, जो उरला तो कातडीचा रंग नाहीतर पातळ कातडीतून दिसणाऱ्या रक्तवाहिन्या.

तसंच सूज आणि चरबी यातला फरक. सकाळी जास्त, दुपारपर्यंत कमी, खारट खाल्लं की दुसऱ्या दिवशी वाढलेली, सर्दी-अ‍ॅलर्जीच्या दिवसांत वाढलेली, असं असेल तर ते बहुतेक पाणी आहे, त्यावर चाकू चालवून काही उपयोग नाही. आधी अ‍ॅलर्जीचा बंदोबस्त करा, डोळे चोळणं बंद करा, उशी जरा उंच घ्या. चरबी दिवसभर तेवढीच असते, आणि मान सरळ ठेवून नुसती नजर वर छताकडे नेली की ती जास्त फुगून दिसते. माझ्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत सगळ्यात आधी हेच करायला लावलं. अजून एक प्रकार असतो, पापणीच्याही खाली गालाच्या हाडावर लोंबणारा फुगवटा, त्याला फेस्टून म्हणतात. तो या ऑपरेशनने जात नाही, त्याचे उपचार वेगळे आणि अवघड आहेत, तेव्हा आपला फुगवटा नक्की कुठे आहे हे बघून घ्या. आणि सूज अचानक आली असेल, एकाच डोळ्याला असेल किंवा सोबत पायही सुजत असतील तर कॉस्मेटिक क्लिनिक नंतर, आधी साधा फिजिशियन. थायरॉइड आणि किडनी या दोन्हींच्या आजारांची सूज डोळ्यांभोवती दिसू शकते.

क्रीमबद्दल दोनच ओळी. कॅफिनवाल्या जेलने काही तास जरा घट्ट वाटतं कारण रक्तवाहिन्या आकसतात, थंड चमच्यानेही तेच होतं आणि चमचा घरात असतोच. रेटिनॉलने कातडी थोडी सुधारते. पडद्यामागची चरबी मात्र कुठल्याही डबीतून मागे जात नाही, डबीवर काहीही छापलेलं असू दे.

फिलरचं जरा सविस्तर सांगतो कारण मला आधी तेच सुचवण्यात आलं होतं. चर कमी खोल असेल, फुगवटा जवळपास नसेल, तर त्या चरात इंजेक्शनने हायलुरॉनिक अ‍ॅसिडची जेल (हाच तो फिलर) भरून छान दिसतं असं म्हणतात आणि मला ते पटतं. पण ते पाणी धरून ठेवतं, त्यामुळे आधीच सुजरे डोळे असतील तर अजून सुजरे होऊ शकतात. कातडीला फार लागून भरलं गेलं तर निळसर छटा दिसते. माझ्या मावसबहिणीचं नेमकं हेच झालं, शेवटी हायलुरॉनिडेज नावाचं इंजेक्शन देऊन ते विरघळवावं लागलं. विरघळवता येतं हा त्याचा मोठा फायदा, हे मान्य. पण चुकून रक्तवाहिनीत गेलं तर नजर जाण्यापर्यंत प्रकरण जाऊ शकतं, क्वचितच, तरी "लंच टाइममध्ये करून जा" असल्या जाहिराती बघितल्या की मला राग येतो. माझ्यासारख्या मोठ्या पिशवीच्या खाली भर टाकून ती लपवायची म्हणजे सगळा चेहराच फुगवायचा.

डॉक्टर निवडताना दोन अनुभव अगदी टोकाचे आले. एका ठिकाणी (नाव सांगत नाही) दोन मिनिटं बघितलं आणि "चरबी काढून टाकू, टाका पण दिसणार नाही" म्हणाले, विषय संपला. दुसरीकडे ऑक्युलोप्लास्टिक सर्जन होत्या, म्हणजे मुळात डोळ्यांच्या डॉक्टर आणि मग पापण्यांच्या सर्जरीचं वेगळं ट्रेनिंग. त्यांनी नजर तपासली, डोळे कोरडे पडतात का ते बघितलं, खालची पापणी बोटाने ओढून सोडली आणि ती किती पटकन परत चिकटते ते बघितलं. पापणी ढिली असेल आणि तशीच सर्जरी केली तर ती नंतर खाली ओढली जाते, डोळ्याचा पांढरा भाग खालून दिसायला लागतो, डोळा नीट मिटत नाही. अशा वेळी बाहेरच्या कोपऱ्यात पापणीला आधार देणारा टाका घालतात. हे सगळं त्यांनी न विचारता सांगितलं. अ‍ॅस्पिरिन, ब्रुफेनसारख्या गोळ्या, फिश ऑइल, व्हिटॅमिन ई यांची चौकशी केली कारण या सगळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. हार्टसाठी रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती मात्र मनाने बंद करायची नाही, तुमच्या हार्टच्या डॉक्टरांना विचारूनच.

आता तंत्राबद्दल. माझं ट्रान्सकंजंक्टायव्हल पद्धतीने झालं, म्हणजे पापणी खाली ओढून आतल्या गुलाबी बाजूने चीर दिली, बाहेर काहीच खूण नाही. हे हल्ली "नवीन स्कारलेस टेक्निक" म्हणून खपवतात, पण फ्रान्सच्या बूर्गे नावाच्या सर्जनने 1924 मध्येच याचं वर्णन केलंय, शंभर वर्षं होऊन गेली, त्यामुळे नवीन शब्द ऐकला की खिसा सांभाळा. दुसरी पद्धत पापण्यांच्या केसांच्या लगेच खालून बाहेरून चीर द्यायची, त्यात जादा कातडीही काढता येते, पण पापणी खाली ओढली जायची शक्यता त्यात जास्त. आतून केलं की कातडी निघत नाही, पिशवी रिकामी झाल्यावर तीच कातडी थोडी चुरगळल्यासारखी दिसते. माझ्या वाढलेल्या सुरकुत्यांचं कारण हेच. हवं असेल तर कातडीची बारीकशी घडी चिमटीत धरून कापतात किंवा लेझर करतात, मी दोन्हीला नाही म्हटलं.

खरा प्रश्न मला विचाराल तर चीर कुठून हा नाहीच, चरबीचं काय करणार हा आहे. खालच्या पापणीत चरबीचे तीन कप्पे असतात, नाकाकडचा, मधला आणि बाहेरचा. पूर्वी ती भरपूर काढून टाकायचे, तेव्हा मस्त दिसायचं आणि दहा-पंधरा वर्षांनी गाल उतरले की डोळे खोल गेलेले, चेहरा आजारी माणसासारखा. त्यामुळे आता बरेच सर्जन थोडीच काढतात आणि उरलेली हाडाच्या कडेवरून खाली सरकवून त्या चरात बसवतात. एका दगडात दोन पक्षी, फुगवटाही जातो आणि दरीही भरते. पण सरसकट सगळ्यांना हे लागत नाही, चर नसेल आणि नुसता फुगवटा असेल तर थोडी काढली तरी पुरते. तुमचे डॉक्टर यापैकी काय करणार आणि का, हे विचाराच, आणि उत्तर देताना ते कंटाळले तर उठून या.

ऑपरेशनमध्ये सांगण्यासारखं फार नाही. जागेवर भूल आणि सोबत गुंगीचं औषध, डोळ्यांवर संरक्षणाला लेन्ससारखी वाटी, तासाभराच्या वर गेलं असेल. ओढाओढ जाणवते, दुखत नाही. त्याच दिवशी घरी.

पुढचं मात्र कोणी नीट सांगत नाही. पहिले दोन दिवस डोकं उंच ठेवून पडायचं, थंड पट्ट्या ठेवायच्या, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. मलमामुळे सगळं धूसर दिसतं, त्याला घाबरू नका. पण दुखणं अचानक फार वाढलं, डोळा पुढे आल्यासारखा झाला किंवा दिसणं कमी झालं तर सकाळची वाट न बघता लगेच निघायचं, कारण डोळ्यामागे रक्त साठलं तर नजरेच्या नसेवर दाब येतो आणि तिथे तास मोजले जातात. हे हजारोंत एखाद्याला होतं, तरी मी तो इमर्जन्सी नंबर बायकोच्या फोनमध्येही टाकून ठेवला होता.

काळंनिळं साधारण दोन आठवडे राहतं आणि ते खाली उतरत जातं, म्हणजे आधी पापणी जांभळी, मग गाल पिवळे. मला त्याहून वैताग आला तो डोळ्याच्या पांढऱ्या भागाच्या सुजेचा. बाहेरच्या कोपऱ्यात बुडबुड्यासारखा जेलीचा फुगा आला, कीमोसिस म्हणतात त्याला. धोकादायक नाही पण पापणी मिटताना सतत काहीतरी अडकतंय असं वाटतं आणि समोरचा माणूस डोळ्यांकडेच बघत राहतो. थेंब, मलम, रात्री जास्त मलम असं करत करत तो काही आठवड्यांनी बसला. चरबी सरकवली होती तिथे एक कडक गाठ लागायची आणि गालाचा वरचा भाग जरा बधिर होता. दोन्ही हळूहळू गेलं. मसाज कधीपासून करायचा हे डॉक्टरांनाच ठरवू द्या, यूट्यूब बघून चोळायला लागू नका.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मी अक्षरशः रोज फोटो काढून डावा-उजवा मोजत बसायचो. उजवा सपाट, डावा फुगलेला, मनात ठाम बसलं की डावा बिघडवलाय. डॉक्टर म्हणाल्या, तीन महिन्यांच्या आत तुलना करायचीच नाही, दोन्ही बाजूंची सूज सारख्या वेगाने उतरत नाही. त्यांचं बरोबर निघालं, पण ते ऐकून त्या दिवसांत शांत झोप लागते असं काही नाही. स्क्रीनचं काम आठवड्याभरात सुरू झालं, डोळे कोरडे पडायचे म्हणून थेंब शेजारी. जिम, पोहणं आणि कॉन्टॅक्ट लेन्स यांना त्याहून उशीर लागतो, प्रत्येकाची तारीख डॉक्टरांकडून लिहून घ्या.

आता लोक काय म्हणतात तर काहीच म्हणत नाहीत. दोघांनी वजन कमी केलंस का विचारलं, एकाने चष्मा बदललास का विचारलं. ऑफिसच्या लिफ्टमधला तो डोक्यावरचा दिवा, ज्याच्याखाली मी कायम मान खाली घालून उभा राहायचो, त्याच्याखाली आता सरळ उभा राहतो. सकाळची सूज राहिली कारण ती पाण्याची होती, तिच्यावर कोणी ऑपरेशन केलेलंच नाही, मला अ‍ॅलर्जी आहे आणि ती अजून आहे. ज्यांना "एकदा केलं की आयुष्यभर" असं सांगितलं जातं त्यांना सांगतो, काढलेली चरबी सहसा परत येत नाही पण गाल उतरायचे थांबत नाहीत आणि पडदा सैल व्हायचाही थांबत नाही.

एक गोष्ट अजून शिल्लक आहे. डाव्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात, नजर वर नेली की, छोटासा फुगवटा दिसतो. बाहेरचा कप्पा जरा लपलेला असतो आणि तिथली चरबी थोडी राहून जाणं हे या सर्जरीत नेहमीचं आहे म्हणे. हवं तर भूल देऊन आतूनच थोडी काढून देते असं डॉक्टर म्हणाल्या. मी तो जेलीचा फुगा आठवला आणि राहू दे म्हटलं, मी छताकडे बघत असताना माझ्याकडे बघणारं आहेच कोण.