आईचे कुटुंब निवृत्तिवेतन आणि आमचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय

माझे वडील पायदळातून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि ७१व्या वर्षी वारले. त्यानंतर आईचे कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करणे, तिचे माजी सैनिक विधवा म्हणून ओळखपत्र काढणे आणि ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांसाठीच्या आरोग्य योजनेच्या, कार्डाचे काम मार्गी लावणे यासाठी मी सहा वेळा आमच्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात गेलो. त्या सेवेविषयी सविस्तर लिहावेसे वाटले, कारण हे कार्यालय केवळ वीरमरण आलेल्या जवानांच्या कुटुंबांसाठी असते, असा समज आमच्या भावकीतल्या दोन माजी सैनिकांचाही होता.

आम्ही आधी बँकेत गेलो होतो. तिथल्या कर्मचाऱ्याने ‘हे काम आता आमच्याकडे नाही’ एवढेच सांगून कागद परत केले. कुठे जायचे हे मात्र सांगितले नाही. संरक्षण दलांचे निवृत्तिवेतन आता प्रयागराजच्या लेखा कार्यालयामार्फत ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीतून थेट खात्यात जमा होते, मृत्यूची सूचनाही तिथेच द्यायची असते, आणि ती देण्यास उशीर झाला तर मृत्यूनंतर जमा झालेली रक्कम पुढे वसूल केली जाते, हे सर्व मला सैनिक कल्याण कार्यालयातल्या कल्याण संघटकांकडून कळले. ते स्वतः माजी सैनिक आहेत. त्यांनी आईला आधी बसायला खुर्ची दिली, वडिलांची पलटण विचारली आणि मगच फाइल उघडली.

त्यांच्या कामाची खरी किंमत मला दुसऱ्या खेपेला कळली. आईचे लग्नात नाव बदलले होते. वडिलांच्या डिस्चार्ज बुकात (सैन्यातून निवृत्त होताना मिळणाऱ्या नोंदपुस्तकात) तिचे माहेरचे नाव होते, आधार कार्डावर सासरचे, आणि डिस्चार्ज बुकातली जन्मतारीख तर शाळेच्या दाखल्यापेक्षा चार वर्षे पुढची. मी नावाच्याच काळजीत होतो. नावासाठी दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र करावे लागेल, असे त्यांनी सांगितले. पण जन्मतारखेवर बोट ठेवून ते म्हणाले, ‘ही आज दुरुस्त केली नाही, तर ताईंचे चार वर्षांचे नुकसान होईल.’ कुटुंब निवृत्तिवेतनधारकाला ८० वर्षे पूर्ण झाल्यावर मूळ रकमेत २० टक्के वाढ मिळते, ८५व्या वर्षी ती ३० टक्के होते आणि ९०व्या वर्षी ४० टक्के, आणि हे वय नोंदीतल्या जन्मतारखेवरूनच मोजले जाते. आई आज ६६ वर्षांची आहे. चौदा वर्षांनंतरची अडचण आजच हेरणारा माणूस मला याआधी कोणत्याही सरकारी कार्यालयात भेटला नव्हता.

रकमेबाबतही त्यांनी आम्हाला खोटी आशा दाखवली नाही. रणांगणावर मृत्यू आलेल्या जवानाच्या पत्नीला शेवटच्या वेतनाइतके उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन मिळते आणि सैनिकी सेवेच्या कारणाने मृत्यू झाल्यास ६० टक्क्यांचे विशेष निवृत्तिवेतन असते. आमच्यासारख्या सामान्य प्रकरणात मात्र दर ३० टक्क्यांचा, किमान मर्यादा दरमहा ९,००० रुपयांची आणि त्यावर महागाई भत्ता. निवृत्तीनंतरच्या मृत्यूत सुरुवातीची काही वर्षे वाढीव दर मिळू शकतो, परंतु दिवंगत सैनिकाचे वय ६७ झाले असते त्या दिवसापुढे तो चालू राहत नाही. वडिलांनी ते वय ओलांडलेलेच होते. हे ऐकून आई म्हणाली, ‘निदान कुणी समजावून तरी सांगितलं.’

उणिवाही आहेत आणि त्या गंभीर आहेत. कोणत्या कामाला कोणती कागदपत्रे लागतात याची यादी कार्यालयात कुठेही लावलेली नाही, त्यामुळे माझ्या सहांपैकी दोन फेऱ्या केवळ राहिलेल्या छायाप्रतींसाठी झाल्या. कल्याण संघटक तालुक्यांच्या दौऱ्यावर असले की त्यांच्या जागी माहितगार कुणी नसते. लांबच्या गावाहून एसटीने आलेल्या एका वृद्ध बाईंना त्या दिवशी तसेच परत जावे लागले, आणि ते पाहून मला फार वाईट वाटले. दौऱ्याचे दिवस दारावर लिहून ठेवायला एक खडू पुरेसा आहे. शिवाय ‘स्पर्श’वरचा ओटीपी नोंदवलेल्या मोबाइलवर येतो, आणि अनेक घरांत तो क्रमांक दिवंगत पतीचाच असतो. आम्ही वडिलांचे सिमकार्ड चालू ठेवले होते हे आमचे नशीब. ते बंद करण्याची घाई कुणी करू नये.

जाताना मूळ डिस्चार्ज बुक, पीपीओ (निवृत्तिवेतन मंजुरीचा आदेश), मृत्यूचा दाखला, दोघांचे आधार आणि पॅन, आईच्या एकटीच्या नावाचे बँक पासबुक आणि तिची छायाचित्रे न्यावीत, आणि शक्य असेल तर आईलाही सोबत न्यावे.

आईचे पहिले निवृत्तिवेतन जमा झाल्यावर मी भावकीतल्या त्या दोन्ही काकांना त्यांची डिस्चार्ज बुके घेऊन त्याच कार्यालयात नेले. धाकट्या काकांच्या नोंदीत काकूंची जन्मतारीखच नव्हती. काका हयात असल्यामुळे दुरुस्तीच्या अर्जावर त्यांची स्वतःची सही झाली, आणि ते काम दोन फेऱ्यांत संपले.